एक रात्र, एक इमारत आणि 'चोर' : 'जागते रहो'चा रूपबंध

गुन्हा आणि विनोद यांची सांगड घालणाऱ्या कथानकाला रात्र सोयीची असते, ही गोष्ट नवी नाही. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'तील शर्विलक चारुदत्ताच्या घराची भिंत फोडतो तो रात्री, आणि फोडताना भगदाडाचा आकार कोणता शोभेल याचा शास्त्रोक्त विचार करीत राहतो. मापाची दोरी विसरली म्हणून तो गळ्यातले यज्ञोपवीतच मापाला घेतो. देवलांच्या 'संगीत मृच्छकटिका'मुळे मराठी प्रेक्षकालाही हा चोर परका राहिलेला नाही. येथील विनोद चोराच्या जाणतेपणातून निर्माण होतो. चोरी हे एक शास्त्र आहे, त्याचे आचार्य आहेत, त्याची परिभाषा आहे, आणि शर्विलक त्या शास्त्राचा व्युत्पन्न विद्यार्थी आहे. ज्याने चोरी केलेली नाही, जो करू इच्छीत नाही आणि ज्याला ती करताही येणार नाही, अशा माणसाला रात्रभर चोर म्हणून पळावे लागले तर कोणत्या प्रकारचा विनोद संभवतो, हा प्रश्न मात्र शर्विलकाच्या परंपरेत उद्भवत नाही. तो उपस्थित केला 'जागते रहो' या १९५६ सालच्या हिंदी चित्रपटाने.

आर. के. फिल्म्सच्या या चित्रपटाचे दिग्दर्शन शंभू मित्र आणि अमित मैत्र यांनी केले. कथाही त्यांचीच. संवाद ख्वाजा अहमद अब्बास यांचे, छायालेखन राधू कर्मकार यांचे आणि संगीत सलील चौधरी यांचे. 'एक दिन रात्रे' या नावाने त्याची बंगाली आवृत्तीही त्याच वर्षी तयार झाली. प्रारंभी प्रेक्षकांनी त्याचे फारसे स्वागत केले नाही. १९५७ साली कार्लोव्ही व्हॅरी येथील आंतरराष्ट्रीय महोत्सवात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळाले, आणि तेव्हापासून 'सामाजिक आशयाचा चित्रपट' म्हणून त्याचा गौरवाने उल्लेख होत आला आहे. या गौरवाने त्याच्या रचनेकडे मात्र काहीसे दुर्लक्ष झाले. ढोंगी नागर समाजावरील उपहास हे त्याचे आशयसूत्र कोणालाही दिसते. तो उपहास कोणत्या रचनेतून सिद्ध होतो याचा विचार क्वचितच झाला आहे. प्रस्तुत लेखाचा रोख त्या रचनेकडे, विशेषतः नायकाच्या मौनाकडे आहे.

कथानक थोडक्यात असे. कामाच्या शोधात कलकत्त्याला आलेला एक खेडूत रात्रीच्या वेळी रस्त्यावर तहानेने व्याकूळ झाला आहे. पाणी कोठेच मिळत नाही. एका मोठ्या निवासी इमारतीच्या आवारात नळ दिसतो म्हणून तो आत शिरतो, आणि 'चोर, चोर' असा ओरडा होतो. भयाने तो जिन्यावर धावतो. तेथून पुढे एका बिऱ्हाडातून दुसऱ्या बिऱ्हाडात, गच्चीवर, नळांच्या आधाराने भिंतीवर, असा त्याचा प्रवास पहाटेपर्यंत चालतो. इमारतीतील रहिवासी लाठ्याकाठ्या घेऊन चोराचा शोध घेतात. या शोधात खरे गुन्हे उघडे पडत जातात : बायकोच्या दागिन्यांवर हात मारणारा नवरा, चोरट्या दारूचा धंदा, आणि समाजात प्रतिष्ठित म्हणून वावरणाऱ्या शेठजीचा बनावट नोटा छापण्याचा कारखाना. शेवटी खेडूत कोणाच्याही लक्षात न येता इमारतीबाहेर पडतो.

कथानकाचा सारा काळ एका रात्रीचा आहे. पाश्चात्त्य नाट्यविचारातील कालैक्याचा दंडक सूर्याच्या एका फेऱ्याशी जोडलेला होता. येथे त्याचा केवळ अंधारा अर्धा भाग घेतलेला आहे. हिंदी चित्रपटाची एरवीची सवय लक्षात घेता हा संयम विलक्षण म्हणावा लागेल. बालपण, ताटातूट, वीस वर्षांचा कालावधी आणि पुनर्भेट यांवाचून ज्या काळात कथा पुरी होत नसे, त्या काळात राज कपूरसारख्या लोकप्रिय निर्मात्याने नायकाला भूतकाळच दिलेला नाही. त्याचे गाव, त्याची माणसे, त्याची जात यांबद्दल चित्रपट जवळजवळ अबोल आहे. नायक निनावी आहे. रात्रभर त्याला एकच नाव मिळते आणि ते इतरांनी दिलेले असते.

काळाइतकेच स्थळही आखून घेतलेले आहे. रस्त्यावरचा प्रारंभ आणि पहाटेचा शेवट सोडला तर कथानक इमारतीच्या आत घडते. या इमारतीची बांधणी विनोदाच्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. मराठी वाचकाला इमारत आणि विनोद म्हटले की पु. ल. देशपांडे यांची 'बटाट्याची चाळ' (१९५८) आठवणे साहजिक आहे. दोन्ही कलाकृती दोनच वर्षांच्या अंतराने आलेल्या, दोहोंमध्ये वास्तू हेच एक पात्र, दोहोंत बिऱ्हाडागणिक एक स्वभाव. तरीही दोन्ही वास्तूंचा न्याय वेगळा आहे. चाळीला सामाईक गॅलरी असते. कोणाच्या घरी काय शिजते, कोणाचे कोणाशी बिनसले आहे, कोणाकडे कोण पाहुणा आला, हे गॅलरीला ठाऊक असते. तेथे गुपित टिकत नाही म्हणून विनोद आपुलकीचा होतो. 'जागते रहो'तील इमारतीत जिना सामाईक आहे, दारे मात्र बंद आहेत. शेजाऱ्याला शेजाऱ्याचा पत्ता नाही. बंद दाराआड प्रत्येकाने काही तरी जपून ठेवलेले आहे. चाळीत असा चोर शिरला असता तर पाच मिनिटांत त्याची चौकशी होऊन त्याला पाणी, कदाचित चहाही मिळाला असता. या इमारतीत त्याला पहाटेपर्यंत धावावे लागते, कारण प्रत्येक दार उघडले की आतला माणूस त्याच्याहून अधिक दचकतो.

प्रहसनाचे जुने यंत्र येथे उलटे फिरविलेले आहे. प्रहसनात लपणाऱ्या पात्राजवळ गुपित असते आणि शोधणाऱ्यांजवळ अधिकार असतो. येथे लपणाऱ्याजवळ काहीच नाही. गुपिते सगळी शोधणाऱ्यांच्या घरात आहेत. चोरून भेटणाऱ्या प्रेमिकांच्या प्रसंगात या यंत्राचे कार्य सौम्यपणे दिसते. खोलीत परका माणूस आहे हे कळूनही मोकळेपणाने आरडाओरडा करता येत नाही, कारण हाकेला लोक धावून आले तर आधी आपणच सापडू, ही भीती. पुढे नोटा छापणाऱ्यांच्या प्रसंगात तीच भीती भयावह रूप घेते. लपणारा निरपराध असल्यामुळे त्याला पाहणाऱ्याचा अपराध उघडा पडतो. हा न्याय एकदा प्रस्थापित झाला की पटकथेला प्रत्येक बिऱ्हाडात नवा विनोद शोधावा लागत नाही. दार उघडणे एवढेच पुरते.

या रचनेचे वेगळेपण नीट लक्षात येण्यासाठी संस्कृत रूपकप्रकारांतील 'भाण' तुलनेला घेणे उपयुक्त ठरेल. धनंजयाच्या 'दशरूपका'त वर्णिलेला हा प्रकार एका अंकाचा आणि एका पात्राचा. ते पात्र म्हणजे विट : चतुर, बोलका, शहर कोळून प्यालेला. काही निमित्ताने तो नगरातून, बहुधा गणिकांच्या वस्तीतून फेरी मारतो आणि वाटेत भेटणाऱ्यांशी बोलतो. ती माणसे रंगमंचावर येत नाहीत. विट आकाशाकडे पाहून 'काय म्हणतोस?' असे विचारतो आणि त्यांचे उत्तर स्वतःच उच्चारतो. याला आकाशभाषित म्हणतात. 'चतुर्भाणी' या नावाने एकत्र प्रसिद्ध असलेल्या चार भाणांत या प्रकाराचे सर्वोत्तम रूप आढळते. त्यांतील शूद्रकाच्या नावावरचा 'पद्मप्राभृतक' उज्जयिनीत घडतो, तर ईश्वरदत्ताचा 'धूर्तविटसंवाद' आणि वररुचीच्या नावावरची 'उभयाभिसारिका' पाटलिपुत्रात. श्यामिलकाचा 'पादताडितक' हा चौथा. वैयाकरण, बौद्ध भिक्षू, अधिकारी, व्यापाऱ्यांचे पुत्र असे सगळे प्रतिष्ठित लोक विटाला नको त्या वेळी नको त्या ठिकाणी भेटतात, आणि नगराचे दुसरे अंग प्रकट होते. 'पद्मप्राभृतका'तला विट ज्याचे काम घेऊन निघाला आहे तो मूलदेव तर परंपरेने चौर्यशास्त्राचा प्रवर्तक मानला जातो! नगर, त्यातून एका माणसाची फेरी, प्रतिष्ठितांची फजिती आणि पार्श्वभूमीला चोर, अशी 'जागते रहो'ची सगळी सामग्री येथे आधीच आहे.

फरक एवढाच, आणि तो सगळ्या अर्थाला उलटा करणारा, की भाणात फिरणारा बोलतो आणि नगर अदृश्य असते. येथे फिरणारा जवळजवळ मुका आहे आणि नगर अखंड बोलते. विटाला सगळे ठाऊक असते, म्हणून तो हसतो आणि आपणही त्याच्याबरोबर हसतो. खेडुताला काहीच ठाऊक नाही. तो पाहतो, पण जे पाहिले त्याचा अर्थ त्याला लागत नाही. तो लावण्याचे काम प्रेक्षकावर येते. भाणाचा प्रेक्षक विटाच्या पंगतीला बसतो. 'जागते रहो'च्या प्रेक्षकाला खेडुताच्या पंगतीला बसता येत नाही, कारण तो तिकीट काढून आलेला शहरी माणूस आहे आणि पडद्यावरच्या बिऱ्हाडांपैकी एखादे त्याचेही असू शकते. विनोदाला येथे जी बोच येते ती या अवघड जागेमुळे येते. चित्रपटाच्या कर्त्यांनी भाण डोळ्यांपुढे ठेवला होता असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. नगरदर्शनाचा रूपबंध बोलक्या पात्राकडून मुक्या पात्राकडे गेला की त्याचे काय होते, हे या तुलनेतून स्पष्ट होते.

नायकाचे मौन चित्रपटाने किती जाणीवपूर्वक घडविले आहे याची सर्वांत बोलकी साक्ष गाण्यांत मिळते. आदल्याच वर्षी आलेल्या 'श्री ४२०' (१९५५) मध्ये राज कपूरने शहरात येणाऱ्या भोळ्या तरुणाची भूमिका केली होती. संवादलेखनात तेथेही अब्बास होते. तो तरुण बोलतो, गातो, लोकांना हसवितो, फसवितो आणि शेवटी भाषणही करतो. त्याच्या गाण्यांत मुकेशचा आवाज होता. एव्हाना हा आवाज आणि राज कपूरची प्रतिमा यांचे अद्वैत प्रेक्षकांच्या मनात पक्के झाले होते. 'जागते रहो'त मुकेशचे गाणे आहे. परंतु ते गातो मोतीलाल. रात्रीच्या रस्त्यावर झिंगत चाललेला हा सुखवस्तू मद्यपी आयुष्याला स्वप्न म्हणतो आणि स्वप्नातल्या खऱ्याखोट्याची पर्वा कशाला, असे विचारतो. राज कपूरच्या तोंडी एकही गीत नाही. ज्या प्रेक्षकाचे कान त्याच्या गाण्याची वाट पाहत होते त्याला त्याचाच आवाज दुसऱ्याच्या गळ्यातून ऐकावा लागतो. (मुकेशच्या पार्श्वगायनाची पहिली मोठी ओळख १९४५ च्या 'पहली नज़र'मध्ये मोतीलालसाठी गायलेल्या गाण्यानेच झाली होती. त्या अर्थी आवाज मूळ मालकाकडे परतला, असे कोणी गमतीने म्हणू शकेल.) नायकाचे मौन केवळ संवाद कमी करून साधलेले नाही, लोकप्रिय प्रतिमेतून गाणे काढून घेऊन ते साधले आहे. आर. के.च्या नेहमीच्या शंकर-जयकिशन या जोडीऐवजी सलील चौधरींकडे संगीत जाणे हेही या बदलाशी सुसंगत वाटते.

मोतीलालच्या प्रसंगाकडे थोडे थांबून पाहायला हवे. संपूर्ण इमारतीत हाच एक माणूस खेडुताला चोर समजत नाही. तो त्याला मित्र म्हणून घरी आणतो. चॅप्लिनच्या 'सिटी लाइट्स' (१९३१) मधला लक्षाधीश भटक्याला नशेत मिठी मारतो आणि शुद्धीवर आला की ओळख दाखवीत नाही, याची येथे आठवण होते; राज कपूरचे चॅप्लिनप्रेम सर्वश्रुत आहे. चॅप्लिनने नशा आणि शुद्ध यांच्या विरोधावर विनोद उभारला. येथे तो विरोध घराच्या आत आणला आहे. परक्यावर उधळला जाणारा हा जिव्हाळा घरात वाट पाहणाऱ्या पत्नीच्या वाट्याला येत नाही. हा प्रसंग पाहताना हसू येते, पण ते पुरते मोकळे होत नाही. मोतीलालच्या अभिनयातील सहजता आणि क्रौर्याची पुसट छटा यांमुळे तो चित्रपटातील सर्वोत्तम भाग झाला आहे, असे म्हणण्यास प्रत्यवाय नसावा. त्या मानाने पंजाबी रहिवाशांच्या भांगड्याचा प्रसंग मुख्यतः करमणुकीचा आहे. आपण काही खोटे बोललो का, असे गाणारे पुन्हापुन्हा विचारतात आणि त्या प्रश्नाचा उपरोध सहज कळतो. त्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही.

नायकाला केवळ पाणी हवे आहे, ही कल्पना आज प्रतीकात्मक वाटते. १९५६ च्या कलकत्त्यात ती तेवढी अमूर्त नव्हती. १९४३ च्या दुष्काळात बंगालच्या खेड्यांतून आलेली माणसे याच शहराच्या दारोदार भाताची पेज मागत हिंडली होती, आणि रस्त्यावर मेली होती. शंभू मित्र यांची नाट्यदृष्टी त्या दुष्काळाने घडविली. विजन भट्टाचार्य यांचे 'नवान्न' हे नाटक भारतीय जननाट्य संघाने १९४४ साली रंगभूमीवर आणले, त्याच्या दिग्दर्शनात ते सहभागी होते. त्या नाटकातील उपाशी शेतकरी उकिरड्यावरच्या अन्नासाठी कुत्र्याशी झगडतो तेव्हा शेजारच्या घरात लग्नाची मेजवानी चालू असते. अब्बास यांनी याच विषयावर 'धरती के लाल' (१९४६) हा चित्रपट दिग्दर्शित केला आणि त्यात शंभू मित्रांनी भूमिका केली. सलील चौधरीही त्याच चळवळीतले. कलकत्त्यात येऊन रिक्षा ओढणाऱ्या शेतकऱ्याची 'दो बीघा ज़मीन' (१९५३) ही कथा मूळ त्यांची. म्हणजे 'जागते रहो'मागे उभी असलेली मंडळी दहाबारा वर्षे एकाच माणसाची कथा सांगत होती : खेड्यातून कलकत्त्यात आलेल्या, दारात उभ्या राहिलेल्या माणसाची. पूर्वीच्या तिन्ही कलाकृतींत ती करुण होती. या वेळी त्यांनी ती विनोदाने सांगितली. पेजेच्या जागी पाणी आले, आणि मागणाऱ्याला भिकारी म्हणण्याऐवजी चोर म्हटले गेले. भिकाऱ्याची दया येऊ शकते. चोराविषयी ती शक्यताही उरत नाही. म्हणून ही विनोदी कथा आधीच्या करुण कथांपेक्षा अधिक कठोर आहे.

हा कठोरपणा जमावाच्या चित्रणात स्पष्ट होतो. सुरुवातीला रहिवाशांचे पथक हास्यास्पद वाटते. सूचना, आरोळ्या, पुढारीपणाची हौस आणि चोर समोर आलाच तर काय करावयाचे याची मनातली धास्ती, हे सर्व प्रहसनाच्या अंगाने येते. परंतु रात्र जसजशी चढते तसतसे हेच लोक घाबरण्याचे थांबतात आणि त्यांना शिकारीची गोडी लागते. शेवटी उंचावर अडकलेल्या खेडुतावर दगड भिरकावले जातात तेव्हा त्या गर्दीत मघाचेच विनोदी चेहरे असतात. दिग्दर्शकांनी या दोन गर्दींमध्ये कोठेही रेघ ओढलेली नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारे समजून जमावाने पाच भटक्या भिक्षेकऱ्यांचा जीव घेतला. त्यानंतर हा चित्रपट पाहणाऱ्या मराठी प्रेक्षकाला पहिल्या भागातही पूर्वीसारखे हसता येईल की नाही, शंका आहे. परक्याला एक नाव दिले की पुढचे काम ते नावच करते.

दगड बसू लागल्यावर नायक बोलतो. आपण शेतकऱ्याचा मुलगा, काम शोधायला आलो, तहान लागली म्हणून आवारात शिरलो, एवढाच आपला अपराध, असे तो सांगतो. आणि मग, मोठे व्हायचे तर चोर व्हावे लागते हे शहरातल्या शिकलेल्या लोकांनीच आपल्याला आज शिकविले, असे म्हणतो. या भाषणाविषयी मतभेद संभवतो. मौनाची सगळी रचना येथे मोडली, असा आक्षेप घेता येईल. त्याला एक उत्तर असे की रात्रभर साठविलेला शब्द कोठे तरी फुटणे नाट्यदृष्ट्या अपरिहार्य होते, आणि मौन जितके दीर्घ तितका हा स्फोट परिणामकारक. हे उत्तर भाषणाच्या पहिल्या अर्ध्याला लागू पडते. मला पाणी हवे होते, हे साधे वाक्य या इमारतीत कोणीही कोणालाही म्हणालेले नाही, म्हणून ते ऐकताना अंगावर येते. दुसऱ्या अर्ध्याचे समर्थन कठीण आहे. जे प्रेक्षकाने बिऱ्हाडामागून बिऱ्हाड पाहत स्वतः जुळविले होते, ते त्याला पुन्हा तयार करून दिले जाते. ज्याला काहीच कळत नव्हते तो खेडूत अचानक निष्कर्ष काढू लागतो, आणि निष्कर्षाची भाषा व्यासपीठाची आहे. 'आवारा' (१९५१) मधील न्यायालयापुढचे निवेदन आणि 'श्री ४२०'चा शेवट ज्यांनी ऐकला आहे त्यांना हा अब्बास यांचा आवाज ओळखू येईल. विटाची उणीव इतका वेळ प्रेक्षक भरून काढीत होता. या क्षणी खेडूतच विट होतो, आणि प्रेक्षकाकडील काम संपते.

दिग्दर्शकांना याची जाणीव असावी, कारण चित्रपट भाषणावर संपत नाही. जखमी नायक एका खोलीत शिरतो. तेथे एक लहान मुलगी आहे (ही भूमिका डेझी इराणी हिने केली आहे). ती ओरडत नाही. चोरी केली नसेल तर भ्यायचे कशाला, एवढाच तिचा प्रश्न. भाषणाने जे साधले नाही ते या बालिश तर्काने साधते. तो उठतो आणि सरळ चालत बाहेर पडतो. ज्याला रात्रभर हुडकले तो समोरून जातो आणि कोणी त्याच्याकडे पाहत नाही. जो पळतो तो चोर आणि जो चालतो तो कोणीच नाही, असा हा अखेरचा विनोद. त्यावर कोणतेही भाष्य केलेले नाही, हे विशेष.

पुढील काळात हिंदी चित्रपटाने महानगरातील एका रात्रीची कथा अनेकदा सांगितली. सुधीर मिश्र यांच्या 'इस रात की सुबह नहीं' (१९९६) मध्ये मुंबईतील टोळीयुद्धात सापडलेला मध्यमवर्गीय आहे. संजय खंदुरी यांच्या 'एक चालीस की लास्ट लोकल' (२००७) मध्ये कुर्ल्याला शेवटची गाडी चुकलेला तरुण पहिल्या गाडीपर्यंतच्या अडीच तासांत जुगार, खून आणि खंडणी यांतून जातो. अक्षत वर्मा यांच्या 'कालाकांडी' (२०१८) मध्ये पावसाळी मुंबईतील तीन कथा एकमेकींना छेदतात. हे सर्व चित्रपट गतीच्या बाबतीत 'जागते रहो'च्या पुढे आहेत. मात्र त्यांतील नायक शहराचेच रहिवासी आहेत. योगायोगाने ते गुन्ह्याच्या वाटेवर येतात, आणि कधी त्यात त्यांचा लाभही होतो. शहर त्यांना चकविते. परके मात्र करीत नाही. त्यामुळे त्यांतील गोंधळ हा नशिबाचा खेळ राहतो. 'जागते रहो'त गोंधळाला कारण आहे, आणि ते नळाजवळच सापडते.

राहता राहिला शीर्षकाचा प्रश्न. 'एक दिन रात्रे' म्हणजे 'एके दिवशी रात्री'. बंगाली शीर्षक केवळ काळ सांगते, गोष्टीला सुरुवात केल्यासारखे. हिंदी शीर्षक ही पहारेकऱ्याची हाक आहे. ती घरातल्यांना उद्देशून असते आणि बाहेरच्याविरुद्ध असते : सावध राहा, चोर आला आहे. चित्रपटाच्या ओघात तिचा रोख बदलत जातो. सावध राहणारे सगळे जागेच आहेत, रात्रभर कोणीही झोपलेले नाही, आणि तरीही पहाटे जागे होण्याचे आवाहन उरतेच. ते येते गीताच्या रूपाने. भैरवातील परिचित पारंपरिक बंदिशीच्या मुखड्यावर शैलेंद्र आणि सलील चौधरी यांनी उभारलेले हे गीत लता मंगेशकर यांनी गायिले आहे. भैरव हा प्रातःकाळचा राग असल्यामुळे रात्र संपल्याची खूण आधी कानाला पटते आणि मग डोळ्यांना. 'सावध राहा' या अर्थाची हाक 'जागा हो' या अर्थाच्या भूपाळीत विरघळते. भूपाळी दाराआडच्या माणसांना उठविण्यासाठी नसते. ती देवाला उठविते, आणि येथे देवाच्या जागी तो खेडूत आहे.

गीताच्या सुराने तो मंदिराच्या आवारात येतो. तेथे एक स्त्री झाडांना पाणी घालीत आहे. नर्गिसची ही छोटी भूमिका म्हणजे आर. के.च्या चित्रपटातील तिचे अखेरचे दर्शन. रात्रभर इतक्या दारांतून गेलेल्या माणसाला हे आवार दाराविना भेटते. तो ओंजळ पुढे करतो, आणि ती पाणी ओतते.